परीक्षा चालू आहे, घंटा वाजवू नये

मला इंग्रजी येतं की नाही, हे ठरवायचं काम आमच्या संस्थेने एका यंत्रावर सोपवलं, तेव्हा मी शिक्षकखोलीत बसून मोठ्या बाईंचं वार्षिक समारंभाचं इंग्रजी भाषण लिहीत होते. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांची सगळी इंग्रजी भाषणं आणि शाळेचा सगळा इंग्रजी पत्रव्यवहार गेली कित्येक वर्षं मीच लिहिते. यात बढाई मारण्यासारखं काही नाही. घरात जसं एकालाच गॅसचं सिलिंडर बदलता येतं, तसं शाळेत मला इंग्रजी येतं. एकदा मी भाषणाच्या मध्येच 'इथे टाळ्यांसाठी थांबावे' असं लिहून दिलं होतं, तर बाईंनी तेही मोठ्याने वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडचे लोक आज्ञाधारक आहेत.

तर त्या मोठ्या बाई समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, एक छोटीशी औपचारिकता आहे."

माझ्या नोकरीत ज्या ज्या गोष्टीने माझं वाटोळं केलं, त्या त्या गोष्टीची सुरुवात 'छोटीशी औपचारिकता' या शब्दांनीच झाली आहे. औपचारिकता अशी, की यापुढे दहावीला इंग्रजी शिकवायचं असेल तर घरी बसून एक ऑनलाइन चाचणी द्यायची. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं. वरची श्रेणी मिळाली तर दहावी, नाही तर पाचवी. शिवाय ही संधी कोणत्याही विषयाच्या शिक्षकाला खुली.

"आणि मुख्याध्यापकांना?" मी विचारलं.

"आम्हाला सूट आहे," बाई म्हणाल्या. "आम्ही प्रशासन. तुम्हाला काय घाबरायचं? तुमच्या हातचा मळ आहे. भाषण संध्याकाळपर्यंत होईल ना?"

दहावीचा वर्ग माझ्यासाठी काय आहे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण कुणी विचारलेलं नाही. घरी माझं म्हणणं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेत नाही. वाक्याच्या मध्येच कुणाला तरी चष्मा सापडत नसतो. दहावीच्या वर्गात मात्र मी बोलायला लागले की शेवटच्या बाकावरचा पोरगासुद्धा खिडकीतून मान आत घेतो. वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजी म्हटलं की वहीत तोंड खुपसणारी मुलं वर्षाअखेरीला माझ्याशी इंग्रजीत भांडतात, आणि ती भांडायला लागली की मला जे सुख होतं ते दुसऱ्या कशानेच होत नाही. तो वर्ग गेला तर माझ्यापाशी काय उरतं, याचा मी विचार करायचं टाळलं आणि चाचणीसाठी नाव नोंदवलं.

आमच्या ह्यांना बातमी सांगितली तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले. ह्यांना आयुष्यात फक्त पूर्वतयारी आवडते. प्रत्यक्ष गोष्ट घडायला लागली की त्यांचा उत्साह मावळतो. "खोली बंद हवी, आवाज नको, दुसरं माणूस नको," त्यांनी नियम मोठ्याने वाचले. आमच्या घरात या तिन्ही गोष्टी पूर्ण करणारी एकच जागा होती, आणि तिथे नळ गळतो. झोपायच्या खोलीला दार आहे, पण कडी नाही. सासूबाई एकदा आतून कडी लावून बसल्या आणि ती त्यांना उघडता येईना, तेव्हा ह्यांनी दार फोडायच्या ऐवजी कडी काढायची पद्धत शोधून काढली होती. ती पद्धत कायमची ठरली. ठरलं असं, की मी झोपायच्या खोलीत बसायचं आणि ह्यांनी बाहेरून दाराची मूठ दोरीने धरून ठेवायची.

राहिला प्रश्न घंटेचा. सासूबाईंना कमी ऐकू येतं. साधी बेल त्यांच्यापर्यंत पोचत नाही म्हणून ह्यांनी जुन्या बाजारातून शाळेत असते तशी गोल लोखंडी विजेची घंटा आणून बसवली आहे. वाजली की भांडी हलतात. सासूबाई म्हणतात, "कुणी आलं का रे? मुंगी चालल्यासारखं वाटलं."

"ती बंद करून टाका त्या दिवशी," मी म्हटलं.

"घंटा बंद केली की इंटरनेट जातं," हे म्हणाले. "दोन्ही एकाच वायरवर घेतलंय. वायर वाचली."

वायर वाचवल्याचं समाधान ह्यांच्या चेहऱ्यावर इतकं होतं, की मी पुढे काही बोलले नाही. संसारात मी जे जे बोलले नाही, ते सगळं पुढे माझ्याच डोक्यावर पडलेलं आहे.

तोवर बातमी इमारतभर झाली होती. समोरच्या वहिनींच्या भाच्याने अशीच चाचणी दिली होती, त्यामुळे त्या स्वतःला त्या चाचणीच्या संचालक मंडळावर समजत. "यंत्राला हसरी माणसं आवडतात," त्यांनी मला बजावलं. "आणि फार चांगलं बोलू नका. फार चांगलं बोललं की त्याला वाटतं पाठ केलंय. मध्ये मध्ये अडखळा."

"मी इंग्रजीची शिक्षिका आहे हो."

"म्हणून तर सांगते. माझा भाचा इतका अडखळला, की पहिल्या झटक्यात पास."

इमारतीचे सेक्रेटरी स्वतः चौकशीला आले. हे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून इमारत त्यांच्या ताब्यात आहे. नळाची तोटी बदलायची असली तरी ते आधी ठराव करतात. त्यांनी माझी तारीख आणि वेळ टिपून घेतली आणि दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: अमुक वारी सकाळी सर्व सदनिकाधारकांनी संपूर्ण शांतता पाळावी, मिक्सर, ड्रिल व वादविवाद बंद ठेवावेत, कसूर झाल्यास समितीपुढे यावे लागेल. खाली सही आणि शिक्का. "वहिनी, इमारतीच्या इज्जतीचा प्रश्न आहे," ते म्हणाले. मला मनापासून भरून आलं. इतक्या लोकांनी माझ्यासाठी एकदम गप्प बसायचं ठरवलं, असं माझ्या आयुष्यात फक्त वर्गात घडलं होतं.

चाचणीच्या सकाळी खरोखरच इमारतीत चिटपाखरू बोलत नव्हतं. ह्यांनी घराच्या दाराबाहेर घंटेच्या बटणावर एक कागद चिकटवला: 'परीक्षा चालू आहे. घंटा वाजवू नये.' अक्षर सुवाच्य, दोन रेघा खाली. मग दोरी हातात घेऊन ते खोलीबाहेर स्टुलावर बसले. सासूबाईंना स्वयंपाकघरात बसवून 'बोलायचं नाही' असं सांगितलं होतं, आणि ते त्यांना तीनदा ओरडून सांगावं लागलं होतं.

मी लॅपटॉपसमोर बसले. आधी पर्यवेक्षक आला. म्हणजे आला असं म्हणायचं, दिसला नाही. नुसता आवाज. तो आवाज माणसाचा होता, पण यंत्राकडे राहून राहून त्याला यंत्राची सवय लागलेली असावी. मी स्वतः अर्धं आयुष्य परीक्षांवर पर्यवेक्षण केलंय. पण निदान मी मुलांना माझं तोंड दाखवते. घाबरायचं तर कुणाला घाबरायचं, हे त्यांना कळायला नको का?

"लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवा," आवाज इंग्रजीत म्हणाला. मी कपाट दाखवलं, पलंग दाखवला, पलंगाखालची ट्रंक दाखवली.

"मॅडम, भिंतीजवळच्या त्या गृहस्थांना बाहेर जायला सांगा."

मी मागे वळून पाहिलं. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता. चांगला मोठा, छातीपर्यंतचा. बाहेरच्या खोलीत ओल आली म्हणून तो इथे हलवला होता.

"ते माझे सासरे आहेत," मी म्हणाले.

"ते बाहेर जाऊ शकतील का?"

"ते मागेच गेले."

"मग ते मला दिसताहेत कसे?"

माझं इंग्रजी उत्तम आहे, पण या प्रश्नाला कोणत्याच भाषेत उत्तर नव्हतं. मी फोटोवर चादर टाकली, तर आवाज म्हणाला, "मॅडम, आता ते लपलेत." शेवटी मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी दोरी सोडली, आत आले, आणि स्वतःच्या वडिलांना कॅमेऱ्यासमोरून काखेत धरून बाहेर नेलं. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "यांना कुठे नेतोस? यांना इंग्रजी येत होतं की!" मग त्या परीक्षा संपेपर्यंत फोटो मांडीवर घेऊन बसल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

वाचन झालं. ऐकणं झालं. दोन्ही इतकी सोपी होती, की मला माझ्या सहावीच्या मुलांची आठवण झाली. लिहिताना मात्र अडचण आली. मला विचार करताना वर बघायची सवय आहे. देवाने विचार वरच ठेवलेले असतात असं मला लहानपणापासून वाटतं. लगेच आवाज आला, "वर काय आहे?"

"पंखा."

"दाखवा."

मी लॅपटॉप उचलून त्याला पंखा दाखवला. फिरत्या पंख्यावर काही लिहिलेलं नाही ना, हे बघायला त्याने तो बंद करायला लावला. मी पलंगावर चढून पंख्याची पाती जवळून दाखवली. त्यावर फक्त धूळ होती, आणि ती एका परक्या माणसाने इतक्या जवळून पाहिली, याची मला अजून लाज वाटते.

शेवटी बोलणं राहिलं. पडद्यावर प्रश्न उमटला: तुमच्या कामाच्या जागेचं वर्णन करा. बाजूला घड्याळ उलटं धावायला लागलं.

वहिनींचा सल्ला मी विसरले. अडखळणं मला जमेना. मी वर्गाबद्दल बोलायला लागले. खिडकीतून शेवटच्या तासाला येणाऱ्या उन्हाबद्दल, त्या उन्हात उडणाऱ्या खडूच्या धुळीबद्दल, वर्षभर तोंड न उघडलेल्या एका मुलीने एके दिवशी उभं राहून "बाई, मला हे पटत नाही" असं इंग्रजीत सांगितलं तेव्हा सगळा वर्ग कसा गप्प झाला, त्याबद्दल. मी इतकं चांगलं इंग्रजी आयुष्यात बोलले नव्हते. कुणी चष्मा शोधत नव्हतं. समोर नुसतं यंत्र होतं, आणि ते माझं वाक्य संपायची वाट बघत होतं. मला त्या यंत्राबद्दल माया वाटायला लागली.

आणि घंटा वाजली.

ती आमची घरची घंटा आहे, हे मला ठाऊक होतं. रोज दहादा वाजते. पण मी परीक्षेत होते, समोर घड्याळ होतं, आणि लोखंडी घंटा घणघणत होती. माझ्या अंगात जी वर्षानुवर्षांची पर्यवेक्षिका आहे, ती मला न विचारता उठली. मी दोन्ही हात वर केले, ताडकन उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "स्टॉप रायटिंग! पेन्स डाउन, एव्हरीबडी!"

पडदा काळा झाला. मग त्यावर एकच ओळ आली. उमेदवाराने जागा सोडल्यामुळे चाचणी समाप्त.

मी दार ओढलं. दार उघडेना, कारण ह्यांनी घंटेला दचकून दोरी आणखी घट्ट धरली होती. ओढाताण करून मी बाहेर आले आणि घराचं दार उघडलं, तर समोर सेक्रेटरी उभे होते. त्यांच्या हातात ह्यांनी चिकटवलेला कागद होता.

"वहिनी, हे बरोबर नाही," ते दबक्या आवाजात म्हणाले. "इमारतीत कुठलीही सूचना लावायची तर माझी सही लागते. यावर सही नाही, शिक्का नाही. मी म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं, मग फाडावी."

"म्हणून घंटा वाजवलीत?"

"कडी वाजवली असती, पण शांतता पाळायची होती ना."

मी त्यांच्या अंगावर धावून गेले नाही, याचं श्रेय माझ्याकडे जात नाही. मध्ये ह्यांचं स्टूल आडवं आलं. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. हे दोरी गुंडाळत म्हणाले, "वायर वेगळी घ्यायला हवी होती." लग्नानंतर ह्यांनी चूक कबूल केल्याचा हा एकमेव प्रसंग, आणि त्याचा मला काडीचाही उपयोग नव्हता.

मग तक्रारीचा नंबर फिरवला. तिथेही यंत्र. ते म्हणालं, आपलं काम एका शब्दात सांगा. मी स्वच्छ उच्चारात तक्रारीचा इंग्रजी शब्द सांगितला. यंत्र म्हणालं, कळलं नाही, कृपया इंग्रजीत बोला. मी पुन्हा सांगितला. कळलं नाही. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि "कंप्लेन! कंप्लेन!" असं रस्त्यावर रिक्षा थांबवतात तसं ओरडले. यंत्र म्हणालं, धन्यवाद, आपली तक्रार नोंदवली आहे.

उत्तर यथावकाश आलं. कारणं दोन होती. एक, उमेदवाराने जागा सोडली. दोन, उमेदवाराने खोलीत लपलेल्या इतर व्यक्तींना सूचना दिल्या. पुराव्यादाखल माझं 'पेन्स डाउन, एव्हरीबडी' हे वाक्य जोडलं होतं. 'एव्हरीबडी' म्हणजे एकापेक्षा जास्त व्यक्ती, असंही खाली स्पष्ट केलं होतं. श्रेणी: देता येत नाही. फेरपरीक्षा: पुढल्या वर्षी. सेक्रेटरी म्हणाले, घंटा मी वाजवली असं इमारतीच्या वतीने लेखी देतो, फक्त त्याला समितीची बैठक लागेल. ती बैठक गणसंख्येअभावी अजून तहकूब आहे.

शाळेच्या कारकुनाच्या तक्त्यात 'देता येत नाही' असा रकानाच नव्हता. त्याने मला सर्वांत खालच्या श्रेणीत टाकलं. "कुठेतरी टाकायलाच हवं ना, बाई," तो म्हणाला, आणि त्याचंही खरं होतं.

वरच्या श्रेणीत एकच नाव आलं. आमचे खेळाचे सर. घरी एकांत मिळेना म्हणून त्यांनी शाळेच्या खेळाच्या साहित्याच्या खोलीत, उड्या मारायच्या गाद्यांच्या मधोमध बसून चाचणी दिली होती. गाद्यांमुळे बाहेरचा आवाज आत येत नाही. शिवाय आयुष्यभर मैदानावर आज्ञा सोडल्यामुळे त्यांची वाक्यं तीन शब्दांपलीकडे जात नाहीत आणि प्रत्येक शब्द पार कुंपणापर्यंत ऐकू येतो. यंत्राने त्यांच्या बोलण्याला 'अत्यंत सुस्पष्ट' असा शेरा दिला. माणूस सरळ आहे. संध्याकाळी आमच्या घरी आला आणि गुन्हेगारासारखा दारात उभा राहिला. घंटा वाजवायचीही त्याची छाती झाली नाही. ह्यांना तो कचरा टाकायला जाताना सापडला.

"बाई, मी गंमत म्हणून दिली हो," सर म्हणाले. "मला दहावी नको. ती पोरं मला खाऊन टाकतील. मी मोठ्या बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, यंत्र खोटं बोलतं का?"

"मग आता?"

"पहिल्या धड्याला काय सांगू?"

मी त्यांना बसवलं आणि पहिला धडा समजावून सांगितला. मन लावून सांगितला. का, ते मला विचारू नका. मध्येच माझ्या लक्षात आलं, की सासूबाई आणि हे दोघंही दारात उभे राहून ऐकताहेत आणि कुणीच मध्ये बोलत नाहीये. यासाठी वर्ग जावा लागला, असं मनात आलं आणि मी पुढचा परिच्छेद जरा मोठ्याने वाचला. तेव्हापासून सर रोज येतात.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मला वेडी आशा वाटली. त्यांनी दार लावून घेतलं, मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"बाई, तुमच्याबद्दल मला फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण नियम तो नियम. तुम्हीच मुलांना शिकवता ना?"

मी मान हलवली.

"संस्थेच्या अध्यक्षांना एक पत्र जायचंय. इंग्रजीत. चाचणीत अपेक्षित श्रेणी न मिळाल्यामुळे दहावीचं इंग्रजी तुमच्याकडून काढून खेळाच्या सरांकडे दिलं आहे, असं कळवायचंय. अध्यक्ष फार बारकाईने वाचतात." त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच लिहून द्याल का? दुसरं कुणी आहे का सांगा बरं शाळेत."

दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. सदर शिक्षिकेचं इंग्रजी दहावीच्या अध्यापनास पुरेसं नसल्याचं निदर्शनास आलं आहे, हे वाक्य मी दोनदा बदललं. पहिल्यांदा ते जरा कडक वाटत होतं, दुसऱ्यांदा जरा लांबलं होतं. तिसऱ्यांदा जमलं. खोटं सांगत नाही, जमल्याचं मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा मला आजही संताप येतो.

मोठ्या बाईंनी ते बोट फिरवत फिरवत वाचलं, सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

"काय सुरेख लिहिता हो," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखं इंग्रजी अख्ख्या संस्थेत कुणाचं नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाची घंटा झाली. मी उठले आणि पाचवीच्या वर्गावर गेले.